रहीमसाहेबांचा संघ



उन्हाळ्यात आपल्या रावेरचे ऊन पाच वाजेपर्यंत कोणाला बाहेर पडू देत नाही. ते उतरले की चर्चच्या आवारात मुलांचा फुटबॉल सुरू होतो. पावसाळ्यात शेजारच्या धर्मग्रामांच्या मुलांशी सामने खेळायचे ठरले आहे. त्यासाठी बावीस मुलांनी नावे दिली आहेत. घ्यायची आहेत पंधरा, आणि मैदानात उतरतील अकरा. ही बातमी पसरल्यापासून मिस्सा झाल्यावर मला भेटायला येणाऱ्या पालकांची संख्या वाढली आहे. कोणाचा मुलगा तीन वर्षे वेदीसेवक आहे, कोणाच्या घराण्याने चर्चला पंखे दिले आहेत, तर कोणाचा मुलगा निवडला गेला नाही तर जेवणार नाही. मी सर्वांचे ऐकून घेतले, आणि रात्री एका माणसाच्या आयुष्याविषयी मिळेल ते पुन्हा वाचून काढले. त्यांचे नाव सैयद अब्दुल रहीम. २०२४ साली त्यांच्यावर मैदान नावाचा हिंदी चित्रपट आला, तो तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. चित्रपटात प्रसंग थोडे रंगवावेच लागतात. खरी हकीगत त्याहून साधी आहे, आणि मला ती जास्त आवडते.

रहीमसाहेब हैदराबादचे. आपल्याला ते गाव लांबचे वाटते, पण आपल्या जळगाव जिल्ह्याची हद्द संपून अजिंठ्याचा डोंगर लागला की १९४८ पर्यंत निजामाचे राज्य सुरू होत असे. आपली जुनी माणसे त्याला मोगलाई म्हणत. त्या राज्याच्या राजधानीत १७ ऑगस्ट १९०९ रोजी त्यांचा जन्म झाला. उस्मानिया विद्यापीठात शिक्षण झाले आणि ते शाळेत शिक्षक झाले. पुढे शारीरिक शिक्षणाची पदविका घेतली. स्वतः फुटबॉल खेळत, पण त्यांचे नाव झाले ते खेळाडू म्हणून नव्हे. १९४३ मध्ये ते हैदराबाद फुटबॉल संघटनेचे सचिव झाले आणि मरेपर्यंत ते काम त्यांनी सोडले नाही.

सामने नसतील त्या महिन्यांत हा माणूस काय करीत असे, ते पाहण्यासारखे आहे. प्रेक्षकांना सामना दिसतो, पण संघ त्याआधीच घडलेला असतो. रहीमसाहेब स्थानिक मुलांसाठी चमत्कारिक वाटाव्यात अशा स्पर्धा भरवीत. एका स्पर्धेत चेंडू पायात घोळवत नेण्यास मनाई, चेंडू आला की लगेच सोबत्याकडे द्यायचा. दुसऱ्या स्पर्धेत ज्या पायाने नीट मारता येत नाही त्याच पायाने खेळायचे. उजव्या पायाचा उस्ताद असलेला मुलगा तिथे डाव्या पायाने धडपडत असे. पण वर्षभराने त्या मुलाला दोन पाय झालेले असत. आणि चेंडू स्वतःजवळ ठेवण्याचा मोह ज्याला आवरत नाही, तो कोण हेही शिक्षकाला कळून चुकत असे.

१९५० मध्ये हैदराबाद सिटी पोलीस संघाची सूत्रे त्यांच्याकडे आली. त्या काळी आपल्या देशातील फुटबॉलपटू कागदोपत्री हौशीच असत. पोट भरायचे तर नोकरी हवी, म्हणून खेळाडू नोकरी देणाऱ्याकडे जात. रेल्वे, पोलीस, लष्कर, मुंबईत टाटा आणि कॅलटेक्स. कलकत्त्यात तर दरवर्षी खेळाडूंनी क्लब बदलण्याचे दिवस ठरलेले असत आणि सही होईपर्यंत दुसऱ्या क्लबने पळवू नये म्हणून खेळाडूंना लपवून ठेवण्यापर्यंत मजल जाई. हैदराबादच्या पोलीस खात्याकडे कलकत्त्याच्या क्लबांएवढे वैभव नव्हते. तिथे शिपायाची नोकरी होती आणि रहीमसाहेब होते. तेवढ्यावर ह्या संघाने मुंबईचा रोव्हर्स चषक १९५० ते १९५४ असा सलग पाच वर्षे जिंकला. कूपरेजच्या मैदानावर मुंबईकरांनी पाच वर्षे तेच लोक चषक उचलताना पाहिले. १९५० मध्ये दिल्लीचा ड्युरँड चषकही त्यांनी मोहन बागानला हरवून जिंकला होता.

त्यांची माणसे पारखण्याची रीत तुलसीदास बलरामच्या गोष्टीत दिसते. हा सिकंदराबादकडचा गरीब घरचा पोरगा. रहीमसाहेबांनी त्याला एका सामन्यात पाहिले आणि हैदराबादच्या सराव शिबिराला बोलावले. रोज इतक्या लांब येण्याजाण्याला घरात पैसे नव्हते आणि मुलाने ते सांगितले. तेव्हा भाड्याच्या सायकलसाठी रहीमसाहेबांनीच पैसे दिले. हाच बलराम १९५६ मध्ये मेलबर्न ऑलिंपिकला गेला. १९५७ मध्ये तो ईस्ट बंगालकडे, म्हणजे कलकत्त्याला निघून गेला. ज्याच्यावर मेहनत घ्यावी तो मोठा झाला की जातो, हे दुःख प्रत्येक शिक्षकाला आणि प्रत्येक आईबापाला माहीत आहे. (आपल्या धर्मग्रामातील तरुण पुण्या-मुंबईला जातात तेव्हा मलाही होते.) पण १९६० च्या रोम ऑलिंपिकला आणि १९६२ च्या जकार्तालाही बलराम रहीमसाहेबांच्या संघात होता. हैदराबाद सोडले म्हणून त्याच्यावर राग धरला गेला नाही.

भारतीय संघाचे प्रशिक्षकपदही त्यांच्याकडे १९५० मध्येच आले होते. १९५१ मध्ये दिल्लीच्या पहिल्या आशियाई स्पर्धेत अंतिम सामन्यात मेवालालच्या गोलाने इराणवर १-० विजय मिळाला आणि सुवर्णपदक आले. पुढच्याच वर्षी हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने आपला १०-१ असा धुव्वा उडवला. आपले बरेच खेळाडू थंडीत अनवाणी खेळत होते. अनवाणी खेळण्याचा आपल्याला अभिमान होता, १९११ मध्ये मोहन बागानने गोऱ्यांना असेच तर हरवले होते. पण अभिमान जुना झाला की ओझे होतो, आणि दहा गोल खाल्ल्यावर ते ओझे खाली ठेवावे लागले. ह्या पराभवानंतर बूट सक्तीचे झाले. अशा पराभवानंतर एखाद्याने नशिबाला किंवा पंचांना दोष दिला असता. रहीमसाहेबांनी जगाकडे पाहून शिकायचे ठरवले. १९५३ मध्ये हंगेरीने इंग्लंडला त्यांच्याच वेम्ब्ली मैदानावर ६-३ ने हरवले होते. मधला आघाडीवीर पुढे उभा न राहता मागे येऊन खेळतो आणि त्याच्यावर पाळत ठेवणारा बचावपटू गोंधळतो, ही हंगेरीची युक्ती रहीमसाहेबांनी आपल्या मुलांना शिकवली.

त्याचे फळ १९५६ मध्ये मेलबर्नला दिसले. तिथे आपण ऑस्ट्रेलियाला ४-२ असे हरवले आणि त्यातील तीन गोल नेव्हिल डिसोझाचे होते. नेव्हिल मूळचा गोव्याच्या घराण्यातला, पण मुंबईत खेळून मोठा झालेला. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये एका सामन्यात तीन गोल करणारा तो पहिला आशियाई खेळाडू. उपांत्य सामन्यात युगोस्लाव्हियाविरुद्धही पहिला गोल त्याचाच होता, पण तो सामना आपण १-४ ने हरलो. तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्यात बल्गेरियाने ३-० ने हरवले आणि आपण चौथे आलो. भारतीय फुटबॉल ऑलिंपिकमध्ये त्याहून वर कधी गेला नाही. आपल्यातील वडीलधाऱ्यांना नेव्हिलचे नाव आठवत असेल, तरुणांनी ते बहुधा ऐकलेले नाही.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे लिहायला बसलो तिच्याकडे येतो. रहीमसाहेबांचा मुलगा सैयद शाहिद हकीम हाही फुटबॉलपटू होता, आणि चांगला होता. १९६० मध्ये रोमला गेलेल्या भारतीय संघात तो होता. प्रशिक्षक वडीलच. तिथे आपण हंगेरीशी १-२ ने हरलो, फ्रान्सशी १-१ अशी बरोबरी केली आणि पेरूकडून १-३ ने हरलो. ह्या तिन्ही सामन्यांत हकीम मैदानात उतरला नाही. एकवीस वर्षांचा मुलगा, ऑलिंपिकपर्यंत पोहोचलेला, राखीव बाकावर बसून वडिलांच्या तोंडाकडे पाहत असेल. दोन वर्षांनी जकार्ताला जो संघ गेला त्यात तर त्याचे नावच नव्हते. त्या काळात भारतीय संघात हैदराबादची मुले नेहमीच बरीच असत, तेव्हा बोट दाखवायला लोकांना जागा होती. घरच्या मुलाच्या बाबतीत मात्र ती जागा त्यांनी ठेवली नाही. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना न्याय म्हणजे ज्याचे त्याला देणे ही व्याख्या आम्ही परीक्षेपुरती पाठ केली होती. ती परीक्षा सोपी होती. घरी परतल्यावर हकीमच्या आईला रहीमसाहेबांनी काय सांगितले असेल, हा प्रश्न अवघड आहे.

१९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेतील निवडी मात्र सामन्यागणिक बदलत गेल्या. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने आपल्याला २-० ने हरवले. नंतर थायलंडला ४-१ आणि जपानला २-० असे हरवून आपण उपांत्य फेरी गाठली, पण थायलंडविरुद्ध आपला भक्कम बचावपटू जर्नेल सिंग याच्या डोक्याला मार लागून टाके पडले. टाके असलेल्या डोक्याने बचावात चेंडू अडवणे धोक्याचे. दुसरा कोणी त्याला बसवून ठेवता. रहीमसाहेबांना आठवत होते की हा पंजाबी गडी पूर्वी आघाडीवर खेळत असे. त्यांनी त्याला पुढे, गोल करायला पाठवले, आणि त्याच्या जागेवर बचाव सांभाळायला अरुण घोष यांना ठेवले. दक्षिण व्हिएतनामविरुद्धचा उपांत्य सामना आपण ३-२ ने जिंकला, त्यात दोन गोल कर्णधार चुनी गोस्वामींचे आणि एक जर्नेलचा.

अंतिम सामना ४ सप्टेंबर १९६२ रोजी, पुन्हा दक्षिण कोरियाशीच. यजमान इंडोनेशियाने इस्रायल आणि तैवानला स्पर्धेबाहेर ठेवले होते. भारताचे ज्येष्ठ क्रीडा पदाधिकारी गुरुदत्त सोंधी यांनी त्याविरुद्ध आवाज उठवला, म्हणून तिथले लोक आपल्यावर चिडले होते आणि सुमारे एक लाखाचे मैदान आपल्या विरोधात ओरडत होते. त्या दिवशी रहीमसाहेबांनी आणखी एक धाडस केले. आधीचे सामने खेळलेला गोलरक्षक प्रद्योत बर्मन चांगला खेळत होता. तरी त्यांनी त्याच्या जागी तापातून उठलेल्या पीटर थंगराजला उभे केले. कोरियन खेळाडू उंचावरून चेंडू टाकतात आणि थंगराज उंचापुरा, एवढा साधा हिशेब. मधल्या फळीत मुंबईच्या टाटा संघातून खेळणारा गोव्याचा फॉर्चुनातो फ्रँको होता. रोममध्ये हकीमप्रमाणेच त्यालाही एकही सामना मिळाला नव्हता. मुंबईच्याच कॅलटेक्सचा चंद्रशेखर बचावात होता. सामना सुरू होऊन वीस मिनिटे होतात न होतात तोच पी. के. बॅनर्जी आणि जर्नेल सिंग यांनी एकेक गोल केला. कोरियाचा गोल आला तो अगदी शेवटी. २-१. सुवर्णपदक आपले. आशियाई स्पर्धेत भारतीय फुटबॉलला सुवर्ण मिळाले ते तेव्हाच शेवटचे. १९७० मध्ये एक कांस्य आले, त्यानंतर काही नाही.

प्रद्योत बर्मनचा विचार माझ्या मनातून जात नाही. त्याची काही चूक नव्हती. आपल्या बावीस मुलांपैकी जी सात राहतील त्यांचीही नसेल. त्यांना ते कोणत्या शब्दांत सांगायचे, हे मला अजून सुचलेले नाही.

रहीमसाहेबांना फुप्फुसाचा कर्करोग झाला होता. जकार्ताच्या विजयानंतर अवघ्या नऊ महिन्यांनी, ११ जून १९६३ रोजी ते गेले. वय त्रेपन्न. मागे मोठी मालमत्ता नव्हती. शिक्षकाच्या घरी कुठली असणार?

हकीमने फुटबॉल सोडला नाही. तो हवाई दलात स्क्वाड्रन लीडर झाला, आंतरराष्ट्रीय पंच झाला आणि पुढे वडिलांचाच मार्ग धरून प्रशिक्षक झाला. १९९८ मध्ये मुंबईच्या महिंद्र संघाने ईस्ट बंगालला हरवून ड्युरँड चषक जिंकला तेव्हा त्या संघाचे प्रशिक्षक हकीम होते. २२ ऑगस्ट २०२१ रोजी त्यांचे निधन झाले.

आपल्या संघाची निवड येत्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर आवारात सर्वांसमोर होईल. मुलांनी दोन्ही पायांनी चेंडू मारण्याचा सराव करून यावे. पालकांनी अवश्य यावे, पण त्याआधी मला भेटू नये.

तुमचा,
प्रमुख धर्मगुरू