विश्लेषण : हायकोर्टात डुलक्या घेणारे गांधीजी वकिली शिकले कुठे?

बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांनुसार कायद्याच्या विद्यार्थ्यांना तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान १२, तर पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान २० आठवडे इंटर्नशिप करावी लागते. अनेकांचे हे दिवस कोर्टात मागच्या बाकावर बसण्यातच संपतात. मोहनदास करमचंद गांधी यांचे मुंबईतील दिवसही असेच गेले होते. मग त्यांना वकिली उमगली कशी?

पदवी असूनही अडचण काय होती?

गांधीजी १० जून १८९१ रोजी लंडनच्या इनर टेम्पलमधून बॅरिस्टर झाले. रोमन कायदा त्यांनी लॅटिनमधून वाचला होता. मात्र अर्ज-दावे कसे लिहावेत, साक्षीदाराला काय विचारावे, हे त्या शिक्षणात नव्हते. भारतातील कायद्यांचीही ओळख नव्हती.

मुंबईत काय घडले?

अनुभवासाठी ते मुंबईत आले आणि रोज हायकोर्टात जाऊ लागले. पण प्रकरणाचा मागचापुढचा संदर्भ माहीत नसल्याने युक्तिवाद समजत नसे आणि डोळे मिटू लागत. पहिला खटला लघुवाद न्यायालयात मिळाला, फी ३० रुपये. उलटतपासणीला उभे राहिल्यावर एकही प्रश्न सुचला नाही. त्यांनी फी परत करून दुसऱ्या वकिलाचे नाव सुचवले. सहाएक महिन्यांत ते राजकोटला परतले आणि अर्ज लिहून देऊ लागले.

दक्षिण आफ्रिकेत वेगळे काय झाले?

१८९३ मध्ये दादा अब्दुल्ला यांच्या पेढीने त्यांना वर्षभरासाठी १०५ पौंडांवर बोलावले. पेढीचा तय्यब शेठ यांच्यावर ४० हजार पौंडांचा दावा होता आणि सारा वाद हिशेबाचा होता. गांधीजींना प्रॉमिसरी नोट म्हणजे काय, हेही ठाऊक नव्हते. ते त्यांनी पेढीतल्या कारकुनाला विचारले, पुस्तक आणून जमाखर्च शिकले. कोर्टात बाजू मांडणारे वकील दुसरेच होते. गांधीजींकडे काम होते ते कागद वाचून प्रकरण तयार करण्याचे आणि गुजराती पत्रव्यवहाराचा अनुवाद करण्याचे. दोन्ही बाजूंचे कागद पिंजून काढताना त्यांना उमगले, की वस्तुस्थिती पक्की हाती आली की कायदा तिच्या मागोमाग येतो.

निकाल काय लागला?

खटला लांबला तर एकाच गावचे दोन्ही नातेवाईक वकिलांच्या फीपायी बुडतील, हेही त्यांना दिसले. त्यांनी दोघांना लवादासाठी राजी केले. दादा अब्दुल्ला जिंकले. ३७ हजार पौंड आणि खर्च एकरकमी द्यावा लागला असता, तर तय्यब शेठ यांचे दिवाळे निघाले असते. गांधीजींनी अशिलाची समजूत घालून दीर्घ मुदतीचे हप्ते बांधून दिले. पुढे वीस वर्षांच्या वकिलीत त्यांनी शेकडो प्रकरणे तडजोडीने मिटवली.

आजच्या इंटर्नने काय घ्यावे?

मुंबईतले गांधीजी आणि प्रिटोरियातले गांधीजी यांच्या बुद्धीत फरक नव्हता. फरक फाइल हातात असण्याचा होता. म्हणून उद्याचा बोर्ड आदल्या संध्याकाळी पाहावा. वरिष्ठांच्या परवानगीने एक तरी फाइल वाचून घटनाक्रम तारखांसह लिहून काढावा. अडलेला शब्द कारकुनालाही विचारावा. मग कोर्टात बसल्यावर न्यायाधीश नेमका तोच प्रश्न का विचारतात, हे कळू लागते.