अर्देशिर गोदरेज

अर्देशिर बरजोरजी गोदरेज (२६ मार्च, १८६८ – जानेवारी, १९३६) हे मुंबईतील पारशी उद्योजक, संशोधक आणि कुलूप व तिजोरी निर्माते होते. गोदरेज उद्योगसमूहाचा पाया त्यांनी घातला.

== पूर्वायुष्य ==
अर्देशिर यांचा जन्म मुंबईत झाला. १८९० मध्ये त्यांचा विवाह बच्चूबाई यांच्याशी झाला. पुढच्याच वर्षी राजाबाई टॉवरवरून पडून बच्चूबाईंचा मृत्यू झाला. अर्देशिर यांनी पुन्हा विवाह केला नाही.

कायद्याचे शिक्षण घेतल्यानंतर १८९४ मध्ये ते एका खटल्यासाठी झांझिबारला गेले. ज्या विधानाच्या सत्यतेची आपल्याला खात्री नाही, ते न्यायालयात मांडण्यास त्यांनी नकार दिला आणि अखेरीस वकिली सोडली. मुंबईला परतल्यावर मेरवानजी कामा यांच्याकडून कर्ज घेऊन त्यांनी शस्त्रक्रियेची उपकरणे बनवण्यास सुरुवात केली. उपकरणे भारतात बनल्याचा शिक्का त्यांवर असावा, हा त्यांचा आग्रह खरेदीदाराने मान्य केला नाही. त्यामुळे हा व्यवसाय बंद पडला.

== कुलपांचा अभ्यास ==
मुंबईतील वाढत्या घरफोड्यांच्या बातमीमुळे अर्देशिर यांचे लक्ष कुलपांकडे वळले. किल्लीशिवाय कुलूप कसे उघडले जाते, हे समजल्याखेरीज चांगले कुलूप बनवता येणार नाही, हे ओळखून त्यांनी कुलपांच्या रचनेचा व इतिहासाचा अभ्यास केला. कामा यांच्याच साहाय्याने १८९७ मध्ये त्यांनी लालबाग येथे कुलपांचा कारखाना काढला. कामा यांचे नातलग बॉइस काही काळ भागीदार होते. ते लवकरच बाहेर पडले, तरी त्यांचे नाव कंपनीच्या नावात राहिले.

तरफांच्या कुलपात किल्लीच्या दात्यांनी प्रत्येक तरफ ठरावीक उंचीपर्यंत उचलली गेली, तरच अडसर सरकतो. आकड्यांच्या कुलपातही तत्त्व असेच असते. तेथे सर्व चकत्यांच्या खाचा एका रेषेत याव्या लागतात. तरफा जागेवर ठेवण्यासाठी सामान्यतः स्प्रिंग वापरली जाते आणि ती झिजली वा तुटली की कुलूप निकामी होते. अर्देशिर यांनी स्प्रिंगविरहित कुलूप तयार करून त्याचे पेटंट मिळवले. त्यांच्या 'डिटेक्टर' कुलपात चुकीची किल्ली फिरवल्यास यंत्रणा अडकून बसे. त्यामुळे कोणीतरी कुलूप उघडण्याचा प्रयत्न केल्याचे मालकाच्या लक्षात येई.

== तिजोऱ्या ==
१९०२ मध्ये त्यांनी तिजोऱ्यांचे उत्पादन सुरू केले. चोरीबरोबरच आगीपासूनही आतील वस्तूंचे रक्षण व्हावे, हे त्यांचे उद्दिष्ट होते. जोड हे तिजोरीचे दुर्बल स्थान असल्याने पोलादी पत्रा वाकवून सांधे कमी करण्यावर त्यांनी भर दिला. त्यांचे बंधू पिरोजशा यांनी पुढे व्यवसायाचा विस्तार केला.

== अन्य कार्य ==
अर्देशिर यांनी प्राण्यांच्या चरबीऐवजी वनस्पती तेलापासून साबण तयार केला. स्वदेशीचे ते समर्थक होते. टिळक स्वराज्य फंडाला त्यांनी ३ लाख रुपयांची देणगी दिली. उत्तरायुष्यात व्यवसाय पिरोजशांकडे सोपवून ते नाशिक येथे शेतीकडे वळले.

== वारसा ==
१४ एप्रिल, १९४४ रोजी मुंबई गोदीत झालेल्या स्फोटानंतरच्या आगीत गोदरेज तिजोऱ्यांतील वस्तू सुरक्षित राहिल्या. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी कंपनीने विक्रोळी येथे लाखो पोलादी मतपेट्या तयार केल्या.