रामगढच्या छावणीत घडलेली फौज : जनरल स्टिलवेल

चीन-जपान युद्ध म्हटले, की मराठी माणसाला सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आठवतात. ९ डिसेंबर १९४२ रोजी उत्तर चीनमध्ये त्यांचे निधन झाले. त्याच सुमारास भारतात, तेव्हाच्या बिहारमधील रांचीजवळच्या रामगढ येथे, हजारो चिनी सैनिक अमेरिकी शस्त्रे चालवायला शिकत होते. १९४० मध्ये मौलाना आझाद यांच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन भरले, तेच हे रामगढ. तिथल्या छावणीत पराभूत चिनी सैन्य नव्याने उभे करण्याचा ध्यास घेतला होता जोसेफ वॉरेन स्टिलवेल या अमेरिकी सेनानीने.

स्टिलवेल यांचा जन्म १९ मार्च १८८३ रोजी फ्लोरिडातील पलाट्का येथे झाला. बालपण न्यूयॉर्कजवळच्या याँकर्स गावात गेले. १९०४ मध्ये ते वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीतून पदवीधर झाले. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये त्यांनी गुप्तवार्ता विभागात काम केले. युद्ध संपल्यावर अमेरिकी लष्कराने त्यांना चिनी भाषेच्या अभ्यासासाठी निवडले आणि १९२० मध्ये ते पेकिंगला दाखल झाले. पुढच्याच वर्षी दुष्काळग्रस्त शान्शी प्रांतात रेडक्रॉसच्या मदतकार्यासाठी रस्ता बांधण्याचे काम त्यांच्याकडे आले. त्या कामावर त्यांनी चिनी मजुरांबरोबर दिवस काढले. चिनी शेतकरी काटक आहे, सोशिक आहे आणि त्याला नीट वागवले तर तो अपार कष्ट करतो, हे मत तेथे बनले आणि ते अखेरपर्यंत टिकले.

पुढे तिएन्त्सिनमधील अमेरिकी पलटणीत त्यांची जॉर्ज मार्शल यांच्याशी मैत्री जुळली. फोर्ट बेनिंगच्या पायदळ विद्यालयात मार्शल यांच्याच हाताखाली ते शिकवू लागले. त्यांच्या बोचऱ्या टीकेने हैराण झालेल्या एका विद्यार्थ्याने त्यांना व्हिनेगरच्या बाटलीतून वर येताना रेखाटले आणि ‘व्हिनेगर जो’ हे नाव त्यांना कायमचे चिकटले. १९३५ ते १९३९ या काळात ते चीनमध्ये लष्करी प्रतिनिधी होते. जुलै १९३७ मध्ये मार्को पोलो पुलापाशी ठिणगी पडली आणि जपानने चीनवर पूर्ण आक्रमण केले, ते त्यांनी जवळून पाहिले.

परकी शस्त्रे चीनला नवी नव्हती. चँग कै-शेक यांच्या निवडक डिव्हिजन जर्मन सल्लागारांनी घडवल्या होत्या. त्यांतील बहुतेक १९३७ च्या शांघायच्या लढाईत खर्ची पडल्या. त्यानंतर सोव्हिएत विमाने आणि तोफा आल्या. पर्ल हार्बरनंतर अमेरिका युद्धात उतरली, तेव्हा चीन साडेचार वर्षे लढून थकला होता. जानेवारी १९४२ मध्ये मार्शल यांनी चीनसाठी स्टिलवेल यांची निवड केली. चँग यांचे चीफ ऑफ स्टाफ, चीन-ब्रह्मदेश-भारत क्षेत्रातील अमेरिकी सैन्याचे प्रमुख आणि ‘लेंड-लीज’ कायद्याखाली चीनला मिळणाऱ्या युद्धसाहित्याचे नियंत्रक, अशा तीन जबाबदाऱ्या एकाच माणसाकडे आल्या. सल्ला देणारा, लढणारा आणि शस्त्रांच्या कोठाराच्या किल्ल्या सांभाळणारा एकच. पुढच्या साऱ्या संघर्षाचे मूळ या रचनेत होते.

ते पोहोचले तेव्हा ब्रह्मदेश कोसळत होता. ८ मार्च १९४२ रोजी रंगून पडले आणि एप्रिलअखेर लाशिओ. चीनला रसद पोचवणारा ब्रह्मदेश मार्ग तुटला. विमानाने निघून जाण्याची संधी असूनही एकोणसाठ वर्षांचे स्टिलवेल शंभराहून अधिक जणांना घेऊन जंगलातून पायी निघाले. त्यांत अमेरिकी, ब्रिटिश, चिनी आणि ब्रह्मी परिचारिकाही होत्या. एकही माणूस न गमावता २० मे रोजी हा तांडा इंफाळला पोहोचला. दिल्लीत पत्रकारांसमोर त्यांनी पराभवावर पांघरूण घातले नाही. आपण सपाटून मार खाल्ला, त्याची कारणे शोधून परत गेले पाहिजे, अशा आशयाचे त्यांचे निवेदन जगभर गाजले.

परत जायचे तर सैन्य हवे होते. जनरल सुन ली-रेन यांची ३८वी डिव्हिजन शिस्तीत माघार घेऊन भारतात आली होती; २२वी डिव्हिजन उत्तर ब्रह्मदेशातील जंगलातून उपासमार आणि रोगराई सोसत पोहोचली. या उरलेल्या सैनिकांना रामगढला नेण्यात आले. इटालियन युद्धकैद्यांसाठी वापरलेल्या या छावणीत ऑगस्ट १९४२ मध्ये प्रशिक्षण केंद्र सुरू झाले. जागा आणि शिधा ब्रिटिशांचा, शस्त्रे व प्रशिक्षक अमेरिकेचे, माणसे चीनची, अशी वाटणी होती. भारतात चिनी फौज वाढू देण्यास दिल्लीतील ब्रिटिश सरकार फारसे राजी नव्हते. परंतु दुसरा इलाज नव्हता. हिमालयाच्या पूर्व टोकावरून, म्हणजे ‘हम्प’वरून, चीनला माल नेणारी विमाने परतताना रिकामी येत, त्यांतून नवे सैनिक आणले जाऊ लागले.

रामगढला पहिली लढाई जपानशी नव्हे, तर कुपोषण, हिवताप आणि त्वचारोगांशी झाली. पोटभर अन्न, लसी, औषधे आणि धड कपडे मिळताच काही आठवड्यांत सैनिकांची वजने वाढली. मग रायफल, मशीनगन, उखळी तोफा, हातबॉम्ब आणि रणगाडाविरोधी तोफा यांचे शिक्षण सुरू झाले. आपल्या सैन्यात दारूगोळ्याच्या टंचाईमुळे नेमबाजीचा पुरेसा सराव न मिळालेल्या शिपायाला येथे खऱ्या काडतुसांनी सराव करता येऊ लागला. तोफखाना, बिनतारी संदेश, जंगलयुद्ध, जखमींची शुश्रूषा यांचे स्वतंत्र वर्ग चालत. दुभाषे कमी पडत, तेव्हा प्रत्यक्ष करून दाखवण्यावर भर दिला जाई.

पगाराचा प्रश्न मात्र शस्त्रांपेक्षा नाजूक ठरला. चिनी पद्धतीत साऱ्या तुकडीच्या वेतनाची रक्कम सेनाधिकाऱ्याच्या हाती पडे. मेलेल्या आणि पळालेल्या सैनिकांची नावे यादीत राहत आणि त्यांचा पगार मधल्यामध्ये जिरे. स्टिलवेल यांनी प्रत्येक शिपायाच्या हातात पगार पडेल, अशी व्यवस्था लावली. शिपाई सुखावला, वरिष्ठ दुखावले. चुंगकिंगपर्यंत तक्रारी गेल्या, पण व्यवस्था टिकली. युद्ध संपेपर्यंत या छावणीतून पन्नास हजारांहून अधिक चिनी अधिकारी आणि सैनिक तयार झाले.

या सैन्याची कसोटी लागली हुकाँग खोऱ्यात. आसामातील लेडो येथून चीनपर्यंत नवा रस्ता बांधण्याचे काम डिसेंबर १९४२ मध्ये सुरू झाले होते; रस्त्याच्या पुढे राहून मुलूख मोकळा करण्याची जबाबदारी चिनी डिव्हिजनवर होती. समोर होती सिंगापूरच्या विजयात भाग घेतलेली जपानची १८वी डिव्हिजन. डिसेंबर १९४३ मध्ये स्टिलवेल स्वतः आघाडीवर गेले. युपबांग गा येथे चिनी पायदळाने जपानी मोर्चे जिंकले, तेव्हा सैनिकांचा आत्मविश्वास बदलला. १७ मे १९४४ रोजी मिचिनाचा विमानतळ हाती आला. मात्र पहिल्या हल्ल्यात दोन चिनी बटालियननी गोंधळात एकमेकींवरच गोळीबार केला आणि शहर पडायला ३ ऑगस्ट उजाडला. मेरिलच्या अमेरिकी तुकडीतील आजारी सैनिकांनाही या वेढ्यात परत आघाडीवर पाठवले गेले. स्टिलवेल यांच्या नावावरील हा डाग त्यांच्या चाहत्यांनाही पुसता आलेला नाही.

शिपायांशी जमणाऱ्या स्टिलवेल यांचे राज्यकर्त्यांशी जमले नाही. चीनमधील तीस डिव्हिजन रामगढच्या धर्तीवर सज्ज कराव्यात, ही त्यांची योजना. तर हवाई दलाचे क्लेअर शेनॉल्ट यांना ‘हम्प’वरून येणारा माल आधी विमानांसाठी हवा होता. १९४३ मध्ये रूझवेल्ट यांनी शेनॉल्ट यांना झुकते माप दिले. विमानतळांचे रक्षण करायला समर्थ पायदळ नसेल तर जपान ते जिंकून घेईल, हा स्टिलवेल यांचा इशारा १९४४ च्या जपानी मोहिमेत खरा ठरला. पण याच काळात चीनचे उत्तम सैन्य ब्रह्मदेशात गुंतले होते, हेही खरे. चँग यांची बाजू अगदीच पोकळ नव्हती. त्यांना जपानबरोबरच कम्युनिस्टांची चिंता होती आणि स्टिलवेल कम्युनिस्टांनाही लढाईत घ्यावे असे म्हणत होते. हान्स व्हॅन द व्हेन आणि राणा मित्तर यांच्यासारख्या इतिहासकारांनी अलीकडे चँग यांची अडचण अधिक सहानुभूतीने मांडली आहे.

सप्टेंबर १९४४ मध्ये साऱ्या चिनी सैन्याची सूत्रे स्टिलवेल यांच्याकडे द्यावीत, अशी कडक शब्दांतील मागणी रूझवेल्ट यांनी केली. तो खलिता स्टिलवेल यांनी स्वतः चँग यांच्या हाती दिला. मानहानी झालेल्या चँग यांनी त्यांना परत बोलावण्याचा आग्रह धरला आणि ऑक्टोबरमध्ये त्यांची उचलबांगडी झाली. शस्त्रे देणाऱ्याला सेनापतिपदही हवे असेल, तर घेणाऱ्याच्या सार्वभौमत्वाला धक्का बसणारच; हे जाणण्याइतका संयम या स्पष्टवक्त्या माणसाकडे नव्हता.

पहिला ताफा लेडो मार्गाने ४ फेब्रुवारी १९४५ रोजी कुनमिंगला पोहोचला. चँग यांनी त्या रस्त्याला स्टिलवेल यांचेच नाव दिले. जून १९४५ मध्ये ओकिनावावरील दहाव्या सेनेची सूत्रे स्टिलवेल यांच्याकडे आली. जपानच्या शरणागतीच्या समारंभालाही ते हजर होते. १२ ऑक्टोबर १९४६ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे कर्करोगाने त्यांचे निधन झाले.

रामगढच्या सैनिकांच्या वाट्याला मात्र शांतता आली नाही. त्यांच्यातून उभ्या राहिलेल्या दोन सेना यादवी युद्धासाठी मांचुरियात पाठवण्यात आल्या. १९४८ मध्ये त्यांतील नवी सहावी सेना नष्ट झाली आणि २२व्या डिव्हिजनचे पूर्वीचे प्रमुख ल्याओ याओ-श्यांग कम्युनिस्टांच्या कैदेत गेले. तैवानला गेलेले सुन ली-रेन यांना चँग यांनीच १९५५ मध्ये नजरकैदेत टाकले. त्यांची सुटका झाली ती १९८८ मध्ये. चांगला शिपाई घडवता येतो, हे स्टिलवेल यांनी रामगढला दाखवून दिले. त्या शिपायाने पुढे कोणासाठी आणि कोणाशी लढायचे, हे ठरवणे त्यांच्या हाती कधीच नव्हते.