प्रिंट कशी आहे?

राजेहो, हॉस्टेलमध्ये कुणाच्याही लॅपटॉपवर सिनेमा आला की स्टोरी काय हे कुणी विचारत नाही. पहिला प्रश्न ठरलेला, प्रिंट कशी आहे?

गॅदरिंगला आम्ही दादासाहेब फाळक्यांचा १९१९ सालचा 'कालिया मर्दन' दाखवायचं ठरवलं. फाइल मोठी, पेन ड्राइव्ह छोटा. मी पडलो दर्यापूरचा. कपाशीच्या गाठोड्यात अजून दोन किलो कसं बसवायचं हे आम्हाला शिकवावं लागत नाही. मी ती फाइल कॉम्प्रेस केली, वरचे दाणे काढणारा फिल्टर लावला, बिटरेट पार पाचव्या हिश्श्यावर आणला अन् जागा करायला मूळ फाइल डिलीट मारली. पडद्यावर यमुनेचं पाणी आलं तेव्हा त्याचे चौकोन चौकोन झालेले. छोट्या कृष्णाचा चेहरा मेणाचा. मागच्या खुर्च्यांवरून ज्या शिट्ट्या आल्या त्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत.

त्या रात्री झोप लागेना म्हणून ज्या माणसाचं चित्र मी खराब केलं त्याच्याबद्दल वाचायला घेतलं. नाव सगळ्यांना माहीत आहे, १९६९ पासून त्यांच्या नावाचा पुरस्कारही मिळतो. पण हा माणूस आपल्याच जातीचा, म्हणजे टेक्निकल होता, हे मला तरी माहीत नव्हतं.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० चा, त्र्यंबकेश्वरचा. घर संस्कृत शास्त्र्यांचं. पोराचा ओढा मात्र चित्रांकडे. १८८५ साली मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये प्रवेश घेतला, पुढे बडोद्याच्या कलाभवनात गेले. तिथे चित्रकलेबरोबर फोटोग्राफी आली, छपाईची प्रक्रिया आली. गोध्र्याला फोटो स्टुडिओ टाकला. तिथेच प्लेगने पहिली बायको आणि मूल गेलं. मग पुरातत्त्व खात्यात नोकरी. मधल्या काळात एका जर्मन जादूगाराकडून जादू शिकून घेतली आणि प्रोफेसर केळफा या नावाने प्रयोगही केले. फाळके उलटं वाचा, केळफा होतं. म्हणजे डोळ्याला फसवायचं कसं याचा अभ्यास जुनाच.

१९०८ च्या सुमारास ते लोणावळ्यात स्वतःच्या छापखान्यात ब्लॉक बनवत होते, त्याआधी राजा रविवर्म्यांच्या प्रेससाठीही काम केलं होतं. इथे जरा थांबू, कारण माझ्या मते सगळी गंमत या ब्लॉकमध्ये आहे.

छापखान्यात करडा रंग नसतो. कागदावर शाई असते किंवा नसते. मग फोटोतली सावली छापायची कशी? कॅमेऱ्यात बारीक जाळी लावून फोटोचे ठिपके करायचे. गडद जागी ठिपका मोठा, उजेडात लहान, आणि हातभर अंतरावरून डोळाच त्याचा करडा रंग बनवतो. याला हाफटोन म्हणतात. जाळी किती बारीक घ्यायची हे कागद ठरवतो. गुळगुळीत आर्ट पेपर असेल तर बारीक जाळी चालते, वर्तमानपत्राच्या खरबरीत कागदावर तीच जाळी शाई पसरून चिखल करते. म्हणजे तपशील किती ठेवायचा, किती सोडायचा, हा हिशेब फाळके सिनेमाच्या आधीपासून करत होते. आज आपण बिटरेट ठरवतो तेव्हा वेगळं काय करतो?

हिशेब करून बघा. हाय-डेफिनिशन चित्रात आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके, प्रत्येकाला ३ बाइट. एक फ्रेम सुमारे ६.२ एमबी. सेकंदाला २४ फ्रेम धरल्या तर दोन तासांचा सिनेमा १,००० जीबीच्या वर जातो. दोन थरांची ब्लू-रे डिस्क ५० जीबीची. बाकीचं टाकून द्यावं लागतं, आणि काय टाकायचं ते डोळ्याला विचारून. रंगाचा बारकावा डोळ्याला कमी कळतो, म्हणून रंगाचे नमुने चौथाई ठेवतात. चित्राचे छोटे चौकोन पाडून त्यातली अगदी बारीक थरथर ढोबळ करतात. आणि मागच्या फ्रेमपेक्षा जे बदललं तेवढंच बहुतेक करून लिहितात.

हे शेवटचं कलम फाळक्यांच्या पहिल्या प्रयोगातच दिसतं. १९१०-११ च्या सुमारास गिरगावात एका तंबूत त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा सिनेमा पाहिला अन् डोक्यात भूत शिरलं. छपाईचा धंदा भागीदारांशी बिनसून सुटलेला. रोज सिनेमे, रात्री जागून प्रयोग, एवढा ताण की डोळे गेल्यासारखे झाले आणि उपचारांनी कसेबसे परत आले. विम्याची पॉलिसी गहाण टाकून १९१२ च्या फेब्रुवारीत ते लंडनला गेले. तिथे सेसिल हेपवर्थच्या स्टुडिओत काम पाहिलं, विल्यमसनचा कॅमेरा आणि फिल्मला भोकं पाडायचं यंत्र घेऊन परत आले. पैसे लावणाऱ्याला पटावं म्हणून कुंडीत वाटाणा पेरला आणि थोड्या थोड्या वेळाने एकेक फ्रेम घेत त्याची वाढ टिपली. पडद्यावर मिनिटभरात वेल वर चढला. कुंडी तीच, माती तीच, बदललं फक्त कोंब. आजच्या कोडेकला असा शॉट म्हणजे रविवारची सुट्टी.

भोकांचं प्रकरण तर मेकॅनिकलवाल्यांनी नीट वाचावं. कच्ची फिल्म बिनभोकांची यायची. ३५ मिलिमीटरच्या फिल्मला एका कडेला फुटामागे ६४ भोकं लागतात, फ्रेममागे ४. 'राजा हरिश्चंद्र' ३,७०० फुटांचा होता असं सांगतात. म्हणजे ५९,२०० फ्रेम आणि एका कडेची २,३६,८०० भोकं, वाया गेलेली फिल्म वेगळीच. दादरच्या घरात अंधाऱ्या खोलीत हे काम सरस्वतीबाई, म्हणजे फाळक्यांची दुसरी बायको, करायच्या. दिवसा साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक, रात्री भोकं. यंत्रात फिल्म केसभर सरकली तर पडद्यावर अख्खं चित्र थरथरतं. आणि थरथरणारं चित्र कॉम्प्रेस करताना भिंतसुद्धा हलतेय असं मशीनला वाटतं, निम्मे बिट भिंतीवरच खर्च होतात. नाव पडद्यावर एकट्या फाळक्यांचं, पण चित्र स्थिर ठेवलं या बाईंनी. दोघांचं मिळून बोललं पाहिजे असं मला वाटतं.

३ मे १९१३ ला मुंबईच्या कोरोनेशन सिनेमात 'राजा हरिश्चंद्र' लागला. तारामतीच्या कामाला बाई मिळेना म्हणून हॉटेलात काम करणाऱ्या अण्णा साळुंक्यांना साडी नेसवली. १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये राम आणि सीता दोन्ही साळुंकेच. १९१८ ला नाशिकला हिंदुस्थान फिल्म कंपनी निघाली, भागीदारांशी पुन्हा खटके, मध्येच सगळं सोडून काशीला जाणं, परत येणं. बोलपट आले आणि फाळके मागे पडले. 'गंगावतरण' १९३७ चा, कोल्हापूरचा, तोच शेवटचा. १६ फेब्रुवारी १९४४ ला नाशिकला गेले. शंभराच्या आसपास लहानमोठे चित्रपट केले आणि शेवटी हाताशी फार काही उरलं नव्हतं.

चित्रपटांचंही तेच झालं. नायट्रेट फिल्म पेट घेते, नाही पेटली तर सडते. 'राजा हरिश्चंद्र'ची जी रिळं आज दिसतात तीसुद्धा १९१७ साली पुन्हा काढलेल्या आवृत्तीची असावीत असं अभ्यासक म्हणतात. ८ जानेवारी २००३ ला पुण्यात नायट्रेटच्या गोदामाला आग लागली आणि जुनी कितीतरी रिळं जळाली. आता जे आहे ते कॉपीची कॉपी.

म्हणून दाण्यांबद्दल सांगतो. फिल्मवर जे दाणे दिसतात ते घाण नाही, चित्र त्याच चांदीच्या कणांचं बनलेलं असतं. पण दाणे दर फ्रेमला जागा बदलतात, त्यामुळे कोडेकला ते सगळ्यात महाग. २००६ साली ब्लू-रे आली तेव्हा पहिले काही सिनेमे २५ जीबीच्या एकाच थरात जुन्या एमपेग-२ने कोंबले होते आणि लोकांनी नावं ठेवली. एचडी डीव्हीडीवाले व्हीसी-१ वापरून कमी बिटमध्ये बरं चित्र देत होते, तरी २००८ च्या फेब्रुवारीत त्यांनीच दुकान बंद केलं. पुढे ब्लू-रेवाले ५० जीबी आणि एव्हीसीकडे वळले. तरीसुद्धा काही कंपन्या दाणे पुसून चकचकीत डिस्क काढत राहिल्या, अन् दाण्यांबरोबर चेहऱ्यावरच्या सुरकुत्या पुसल्या गेल्या. मी वेगळं काही केलं नव्हतं, फक्त फुकटात केलं होतं.

'कालिया मर्दन' त्यातल्या त्यात बराचसा शिल्लक आहे. तो सुरू होतो फाळक्यांच्या मुलीच्या, मंदाकिनीच्या चेहऱ्यावर. सात-आठ वर्षांची पोर कॅमेऱ्यासमोर एकेक भाव करून दाखवते, राग, हसू, आणि बघता बघता तिचा कृष्ण होतो. बापाला खात्री होती की आधी पोरीचा चेहरा बघून घ्या, मग कृष्ण पटेल. माझ्या फिल्टरने नेमका तोच चेहरा इस्त्री केला होता.

मागच्या आठवड्यात फाइल पुन्हा उतरवून घेतली. हॉस्टेलचं नेट, दोन रात्री लागल्या. यावेळी दाण्यांना हात लावला नाही. एन्कोडर दोनदा फिरवला, म्हणजे पहिल्या फेरीत मशीन अख्खा सिनेमा बघून घेतं आणि दुसऱ्या फेरीत अवघड जागी जास्त बिट देतं. पाण्याच्या सीनला आलेख सरळ वर गेला. फाइल पेन ड्राइव्हमध्ये मावत नाही. ज्याला बघायची असेल त्याने रात्री जेवणानंतर माझ्या रूमवर यावं, येताना स्वतःची खुर्ची आणावी.