ज्या फियाटने नोकरी नाकारली, तीच कंपनी पुढे भागीदार झाली : एन्झो फेरारी आणि त्यांच्या शेवटच्या गाडीची गोष्ट

२००२ साली सचिन तेंडुलकरने कसोटीतलं २९ वं शतक ठोकलं, सर डॉन ब्रॅडमन यांची बरोबरी केली आणि त्याला एक लालभडक फेरारी भेट मिळाली. ती त्याच्या हाती सोपवली खुद्द मायकेल शूमाखरने. पुढे त्या गाडीच्या आयात शुल्काच्या माफीवरून देशभर वाद रंगला, तिच्यावरून सुचलेला एक हिंदी सिनेमाही येऊन गेला.

त्या गाडीचं पूर्ण नाव होतं फेरारी ३६० मोडेना. मोडेना हे इटलीतलं एक शहर. गाडी भेट देणारी कंपनी होती फियाट. आता फेरारीची गाडी फियाट का भेट देते, आणि तिच्या नावात मोडेना कुठून आलं? या दोन्ही प्रश्नांची उत्तरं एकाच माणसाच्या आयुष्यात सापडतात. त्याचं नाव एन्झो फेरारी.

आणि या माणसाच्या आयुष्याचा शेवट झाला तो १९८० च्या दशकातल्या एका अफलातून गाडीने. तिचं नाव एफ४०.

बाकावर बसून रडलेला पोरगा

एन्झोचा जन्म १८९८ च्या फेब्रुवारीतला. वडिलांचा मोडेनात लोखंडकामाचा कारखाना होता. दहा वर्षांचा असताना वडील त्याला बोलोन्याला मोटारींची शर्यत दाखवायला घेऊन गेले. तिथून परत आलेल्या पोराच्या डोक्यात गाड्या शिरल्या, त्या शेवटपर्यंत निघाल्या नाहीत.

१९१६ साली घरावर कुऱ्हाड कोसळली. वडील न्यूमोनियाने गेले. त्याच वर्षी थोरला भाऊही गेला. पहिलं महायुद्ध सुरू होतं. एन्झोला सैन्यात जावं लागलं आणि काम मिळालं ते डोंगरी तोफखान्यातल्या खेचरांना नाल ठोकण्याचं. तिथे तो इतका आजारी पडला की त्याला सैन्यातून सोडून देण्यात आलं.

युद्ध संपल्यावर वीस वर्षांचा एन्झो तुरिनला गेला. तिथे फियाट ही इटलीची सगळ्यात मोठी मोटार कंपनी होती. हातात एका अधिकाऱ्याचं शिफारसपत्र होतं, पण शिक्षण बेताचंच. फियाटने त्याला नोकरी नाकारली. कडाक्याच्या थंडीत तो तुरिनच्या व्हॅलेंटिनो बागेत एका बाकावर जाऊन बसला आणि ढसाढसा रडला. ही आठवण त्यांनीच पुढे आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवली आहे.

उधळणारा काळा घोडा

लहानमोठ्या नोकऱ्या करत १९२० मध्ये एन्झो अल्फा रोमिओ कंपनीत पोहोचले. तिथे ते शर्यतीचे ड्रायव्हर होते. वाईट नव्हते, पण आपण अव्वल नाही हे त्यांनी वेळीच ओळखलं. गाडी हाकण्यापेक्षा माणसं जमवणं, त्यांच्यात चुरस लावणं आणि त्यांच्याकडून काम काढून घेणं हे आपल्याला जास्त जमतं, हे त्यांना कळलं होतं.

१९२३ मध्ये रावेनाजवळची एक शर्यत त्यांनी जिंकली. तिथे त्यांची ओळख बराक्का कुटुंबाशी झाली. या घरातला फ्रान्चेस्को बराक्का हा पहिल्या महायुद्धातला इटलीचा सर्वात नावाजलेला लढाऊ वैमानिक. १९१८ मध्ये तो मारला गेला होता. त्याच्या विमानावर मागच्या पायांवर उभा राहिलेला काळा घोडा रंगवलेला असे. त्याच्या आईने तो घोडा गाडीवर लावायला एन्झोंना सांगितलं. एन्झोंनी त्याच्या मागे मोडेना शहराचा पिवळा रंग भरला. आज जगभर ओळखलं जाणारं फेरारीचं बोधचिन्ह ते हेच.

१९२९ मध्ये त्यांनी मोडेनात स्कुदेरिया फेरारी नावाचा शर्यतीचा संघ काढला. गाड्या अल्फा रोमिओच्या, संघ एन्झोंचा. १९३२ मध्ये मुलगा झाला. वडील आणि भाऊ दोघांचंही नाव अल्फ्रेदो होतं, तेच मुलाला ठेवलं. घरात सगळे त्याला दिनो म्हणत.

१९३९ मध्ये अल्फा रोमिओशी बिनसलं. बाहेर पडताना अट घालण्यात आली, ती अशी की चार वर्षं शर्यतीत फेरारी हे नाव वापरायचं नाही. एन्झोंनी वेगळ्या नावाने कंपनी काढली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कारखाना मोडेनाजवळच्या मारानेल्लो गावी हलवला. तिथेही बॉम्ब पडले. तो पुन्हा उभा केला.

१२ मार्च १९४७ रोजी त्याच कारखान्याच्या दारातून फेरारी नावाची पहिली गाडी बाहेर पडली. जेमतेम दीड लिटरचं, पण बारा सिलिंडरचं इंजिन असलेली १२५ एस. ती पहिल्यांदा चालवली एन्झोंनीच. तेव्हा ते ४९ वर्षांचे होते. म्हणजे ज्या नावासाठी जग त्यांना ओळखतं, ते काम सुरू झालं तेच पन्नाशीच्या उंबरठ्यावर.

त्याच वर्षी ऑक्टोबरात फेरारीने तुरिनमधली शर्यत जिंकली. शर्यत संपल्यावर एन्झो व्हॅलेंटिनो बागेत गेले, जुन्या बाकावर बसले आणि पुन्हा रडले. या वेळी कारण वेगळं होतं.

गाड्या विकायच्या, पण कशासाठी?

इथे एन्झोंचा स्वभाव समजून घ्यायला हवा. इतर कंपन्या शर्यतीत उतरायच्या ते गाड्या विकल्या जाव्यात म्हणून. एन्झोंचं गणित बरोबर उलटं होतं. ते गाड्या विकायचे ते शर्यतीचा खर्च निघावा म्हणून. श्रीमंत गिऱ्हाइकांसाठी बनवलेल्या गाड्या त्यांच्या दृष्टीने पैसा उभा करण्याचं साधन होतं. जीव अडकला होता तो शर्यतीत.

यश भराभर आलं. १९४९ मध्ये ल माँची २४ तासांची शर्यत, १९५१ मध्ये सिल्व्हरस्टोनला जुन्या अल्फा रोमिओलाच हरवून फॉर्म्युला वनमधला पहिला विजय, मग १९५२ आणि १९५३ मध्ये अल्बर्तो आस्कारीचं विश्वविजेतेपद.

पण किंमतही मोजावी लागत होती. दिनोला स्नायू हळूहळू निकामी करणारा आजार होता. १९५६ च्या जूनमध्ये, वयाच्या २४ व्या वर्षी तो गेला. त्यानंतर एन्झो काळा चष्मा लावूनच लोकांसमोर येऊ लागले आणि मुलाच्या कबरीवर रोज सकाळी जाऊ लागले.

वर्षभराच्या आत, मे १९५७ मध्ये, मिल्ले मिलिया या रस्त्यावरच्या शर्यतीत एका फेरारीचं टायर फुटलं. ड्रायव्हर, त्याचा साथीदार आणि रस्त्याकडेला उभे असलेले नऊ प्रेक्षक ठार झाले. त्या नऊ जणांत पाच लहान मुलं होती. ही शर्यत त्या रूपात कायमची बंद झाली. एन्झोंवर मनुष्यवधाचा खटला चालला आणि १९६१ मध्ये ते निर्दोष सुटले. या काही वर्षांत फेरारी चालवणारे कास्तेलोत्ती, मुस्सो, कॉलिन्स, फॉन ट्रिप्स असे एकापाठोपाठ एक ड्रायव्हर मेले. व्हॅटिकनच्या वृत्तपत्राने तर त्यांची तुलना स्वतःची पोरं गिळणाऱ्या पुराणातल्या शनिदेवतेशी केली.

एवढं होऊनही एन्झो थांबले नाहीत. ड्रायव्हरांना एकमेकांविरुद्ध झुंजवण्याची त्यांची पद्धतही बदलली नाही. ज्याचं त्यांना प्रेम, त्याचीच माणसं जीव गमावत होती, आणि ती शर्यत सोडणं त्यांना जमत नव्हतं. त्यांच्याबद्दल लिहिणाऱ्यांना हा प्रश्न आजही टाळता येत नाही.

फोर्डला नकार, फियाटला होकार

शर्यत वाढली तसा खर्च वाढला. १९६३ मध्ये अमेरिकेची फोर्ड कंपनी फेरारी विकत घ्यायला निघाली. कागदपत्रं जवळजवळ तयार होती. पण शर्यतीवरच्या खर्चासाठी फोर्डची परवानगी घ्यावी लागेल, असं त्यात दिसलं आणि एन्झोंनी बोलणी मोडली. चिडलेल्या फोर्डने मग फेरारीला हरवण्यासाठीच जीटी४० गाडी बनवली आणि १९६६ मध्ये ल माँला पहिले तिन्ही क्रमांक पटकावले.

१९६९ मध्ये एन्झोंनी अखेर निम्मी कंपनी विकली. कोणाला? ज्या फियाटने पन्नास वर्षांपूर्वी नोकरी नाकारली होती, तिलाच. अट एकच होती. रस्त्यावरच्या गाड्या फियाटने बघाव्यात, शर्यतीचा संघ मात्र एन्झोंच्याच हातात राहील. सचिनला फेरारी देणारी कंपनी फियाट का होती, त्याचं उत्तर या व्यवहारात आहे.

घरातही एक गोष्ट इतकी वर्षं झाकलेली होती. लीना लार्दी यांच्यापासून एन्झोंना १९४५ मध्ये दुसरा मुलगा झाला होता, पिएरो. पत्नी लॉरा हयात असेपर्यंत त्याला उघडपणे आपलं नाव देता आलं नाही. १९७८ मध्ये लॉरा गेल्या, त्यानंतर पिएरो फेरारी झाला.

ऐंशीचं दशक

१९८२ मध्ये एन्झो ८४ वर्षांचे होते. त्यांचा सर्वात लाडका ड्रायव्हर होता कॅनडाचा जिल व्हिलनव्ह. त्या वर्षी इमोलाच्या शर्यतीत संघातलाच सहकारी दिदिए पिरोनी त्याला मागे टाकून जिंकला. जिलला हा दगा वाटला. दोनच आठवड्यांनी, ८ मे रोजी, बेल्जियममध्ये सरावाच्या फेरीत जिलचा अपघाती मृत्यू झाला. ऑगस्टमध्ये पिरोनीचेही दोन्ही पाय अपघातात चिरडले आणि त्याची फॉर्म्युला वनची कारकीर्द संपली.

याच दशकात फेरारीच्या रस्त्यावरच्या गाड्या मात्र जगभरातल्या पोरांच्या भिंतीवरच्या पोस्टरात जाऊन बसल्या. १९८४ मध्ये टेस्टारोसा आली. नावाचा अर्थ लाल डोकं, कारण इंजिनाच्या वरची झाकणं लाल रंगवलेली होती. दोन्ही बाजूंना किसणीसारख्या दिसणाऱ्या लांब पट्ट्या होत्या. त्या निव्वळ शोभेच्या नव्हत्या. रेडिएटर गाडीच्या मागच्या भागात दोन्ही बाजूंना बसवले होते आणि त्यांना हवा तिथून मिळायची. अमेरिकेतल्या मायामी व्हाइस या मालिकेत पांढरी टेस्टारोसा झळकली आणि ती त्या दशकाची ओळखच बनली.

त्याच वर्षी २८८ जीटीओ आली. ग्रुप बी नावाच्या शर्यत प्रकारासाठी तिची शर्यतीची आवृत्ती तयार होत होती. पण ग्रुप बीच्या रॅलींमध्ये जीवघेणे अपघात झाले आणि १९८६ नंतर तो प्रकारच बंद पडला. फेरारीच्या हातात गाडी होती, पण शर्यत उरली नव्हती.

कंपनीच्या पहिल्या गाडीला चाळीस वर्षं होत होती. एन्झोंनी ठरवलं की शर्यतीसाठी केलेलं हे काम वाया न घालवता त्यातूनच रस्त्यावर धावणारी गाडी काढायची. इंजिनिअर निकोला मातेराझ्झी यांच्याकडे काम सोपवलं गेलं, आकार दिला पिनिनफारिनाने. २१ जुलै १९८७ रोजी मारानेल्लोत पडदा उघडला आणि ८९ वर्षांच्या एन्झोंनी एफ४० जगासमोर आणली.

तीन लिटरपेक्षा किंचित लहान व्ही८ इंजिन, दोन टर्बो, ४७८ अश्वशक्ती आणि वजन फक्त ११०० किलोच्या आसपास. वेग ताशी ३२४ किलोमीटर. ताशी २०० मैलांचा टप्पा ओलांडणारी, विक्रीसाठी बनवलेली पहिली गाडी म्हणून ती ओळखली जाते. त्या काळातली तिची स्पर्धक पोर्शे ९५९ इलेक्ट्रॉनिक्सने आणि चारही चाकांना ताकद पुरवणाऱ्या यंत्रणेने खच्चून भरलेली होती. एफ४० मध्ये मात्र रेडिओ नाही, पायाखाली गालिचा नाही, आतून दार उघडायला साधी दोरी. जे वेग वाढवत नाही ते गाडीत नाही, असा सरळ हिशोब होता.

आयुष्यभर एन्झोंनी रस्त्यावरच्या गाड्या शर्यतीसाठी पैसा मिळावा म्हणून विकल्या. शेवटच्या गाडीत मात्र त्यांनी गिऱ्हाइकाला शर्यतच विकली. सुरुवातीला सुमारे चारशे गाड्या बनवायचा विचार होता. मागणी इतकी आली की १९९२ पर्यंत तेराशेहून जास्त बनल्या.

शेवटचा विजय

१४ ऑगस्ट १९८८ रोजी, वयाच्या ९० व्या वर्षी, मोडेनात एन्झोंचं निधन झालं. त्यांच्या इच्छेप्रमाणे गाजावाजा न करता अंत्यसंस्कार झाले आणि त्यानंतरच ही बातमी जगाला कळली.

त्या वर्षी फॉर्म्युला वनमध्ये मॅकलॅरेनपुढे कोणाचाच टिकाव लागत नव्हता. सेना आणि प्रॉस्ट ही जोडी प्रत्येक शर्यत जिंकत सुटली होती. ११ सप्टेंबरला, एन्झो जाऊन महिनाही झाला नव्हता, तेव्हा इटलीतल्या मोंझाला शर्यत होती. प्रॉस्टचं इंजिन बंद पडलं. सेना पुढे होता, पण दोन फेऱ्या उरल्या असताना मागे पडलेल्या एका गाडीला ओलांडताना त्याची टक्कर झाली. मागून आलेले बर्गर आणि आल्बोरेतो पहिले आणि दुसरे आले. दोघेही फेरारीत होते.

त्या वर्षीच्या १६ शर्यतींपैकी मॅकलॅरेनने १५ जिंकल्या. हुकली ती फक्त मोंझाची.