एकोणचाळीस अंकांची परीक्षा

१२७ वेळा २ मांडून त्यांचा गुणाकार करावा आणि उत्तरातून १ वजा करावा. येणारी संख्या ३९ अंकी: १७०१४११८३४६०४६९२३१७३१६८७३०३७१५८८४१०५७२७. ही मूळ संख्या आहे. म्हणजे १ आणि ती स्वतः सोडल्यास तिला कशानेही पूर्ण भाग जात नाही. हे १८७६ साली केवळ हाताने आकडेमोड करून दाखवले एदुआर ल्युका यांनी.

फ्रान्समधील आमियाँ गावी ४ एप्रिल १८४२ रोजी त्यांचा जन्म झाला. पॅरिसच्या वेधशाळेत नोकरी, १८७० च्या प्रशियाबरोबरच्या युद्धात तोफखान्यात अधिकारी आणि नंतर शाळामास्तरकी, असा त्यांचा प्रवास.

अशा संख्यांपैकी मूळ कोणत्या, याची यादी धर्मगुरू मेर्सेन यांनी १६४४ मध्ये दिली होती. ६७ आणि १२७ हे घातांक तीत होते. पण पडताळणार कोण? एकेका संख्येने भागून पाहायचे तर जन्म पुरायचा नाही. ल्युकांनी भागाकार टाळणारी कसोटी शोधली. १९३० मध्ये लेमर यांनी ती सुटसुटीत केली. ५ या घातांकाची संख्या ३१. आरंभी ४ घ्या. वर्ग करून २ वजा केले की १४; पुन्हा तसेच, १९४. त्याला ३१ ने भागून बाकी ८. तिचा वर्ग ६४, वजा २, म्हणजे ६२. ३१ ने पूर्ण भाग गेला; ३१ मूळ! येथे ३ पायऱ्या पुरल्या. १२७ ला १२५ लागतात आणि प्रत्येक पायरीवर प्रचंड गुणाकार.

घातांक ६७ ची संख्या मात्र मूळ नाही, असे ल्युकांना आढळले. तिचे अवयव त्यांना ठाऊक नव्हते. बँकेत आम्हाला ताळा जमत नाही हे संध्याकाळीच कळे, चूक शोधायला मात्र रात्र जाई. इथे ती रात्र २७ वर्षांची ठरली. १९०३ मध्ये अमेरिकेचे कोल यांनी ते अवयव काढले: १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७.

मुलांचा ‘टॉवर ऑफ हनोई’ हा चकत्यांचा खेळही ल्युकांचाच, १८८३ चा. काशीच्या मंदिरात ६४ सुवर्णचकत्या हलवण्याचे काम चालू असून ते संपताच जग संपेल, अशी कथा त्याला जोडली गेली. काशीकरांनी ती बहुधा ऐकलेली नसावी! सेकंदाला एक चकती हलवली, तरी ५८ हजार कोटींहून अधिक वर्षे लागतील.

ल्युकांना मात्र पन्नाशीही लाभली नाही. १८९१ मध्ये विज्ञान परिषदेच्या मेजवानीत वाढप्याच्या हातून बशी पडली, तिची कपची त्यांच्या गालाला लागली. जखम चिघळून ३ ऑक्टोबरला ते गेले.

त्यांची ती संख्या १९५१ पर्यंत ज्ञात मूळ संख्यांत सर्वांत मोठी राहिली. ऑक्टोबर २०२४ मध्ये ४ कोटी १० लाख अंकांची मूळ संख्या जाहीर झाली, तेव्हाही संगणकांनी तिची खातरजमा केली ती या शाळामास्तरांच्याच कसोटीने.