लयीतून मुले घडविणारे गुरुजी : सोसाकू कोबायाशी

जपानमधील एका लहानशा शाळेची गोष्ट आपल्यापैकी अनेकांनी ‘तोत्तोचान’ या पुस्तकात वाचली असेल. तेत्सुको कुरोयानागी यांचे हे पुस्तक १९८१ साली प्रसिद्ध झाले आणि पुढे मराठीतही आले. रेल्वेच्या जुन्या डब्यांत भरणारे त्या शाळेचे वर्ग वाचकांच्या लक्षात राहतात. परंतु शाळेचे मुख्याध्यापक सोसाकू कोबायाशी हे मूळचे संगीतशिक्षक होते आणि शरीराच्या हालचालीतून बालकाचे मन घडविणे हेच त्यांचे जीवनकार्य होते, ही गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानी येत नाही. म्हणून आज त्यांच्या चरित्राची ओळख करून घेऊ या.

कोबायाशी यांचा जन्म १८९३ साली गुन्मा प्रांतातील एका खेड्यात, शेतकरी कुटुंबात झाला. घरची परिस्थिती बेताची होती. लहानपणी नदीकाठी उभे राहून, हातात काडी घेऊन, पाण्याच्या खळखळाटाला ताल देण्याचा त्यांना छंद होता. पुढे काही काळ प्राथमिक शाळेत शिकवून त्यांनी टोकियोच्या संगीत विद्यालयात शिक्षण घेतले आणि हारुजी नाकामुरा यांनी स्थापन केलेल्या सेइकेई शाळेत ते संगीत शिकवू लागले. तेथे वर्ग लहान असत आणि मुलांना मोकळ्या हवेत हिंडण्यास वाव असे. लहान मुलांना संगीत खरोखर कसे द्यावे, हा प्रश्न मनात घेऊन १९२३ साली ते युरोपला गेले.

तेथे त्यांना एमिल जाक-दालक्रोझ भेटले. हे स्विस संगीतकार जिनिव्हाच्या संगीत विद्यालयात शिकवीत. त्यांच्या लक्षात आले होते की विद्यार्थी बोटांनी अचूक वाजवितात, पण लय त्यांच्या अंगात उतरलेली नसते. म्हणून त्यांनी विद्यार्थ्यांना वाद्यावरून उठविले आणि संगीत ऐकत चालावयास, धावावयास, थांबावयास लावले. लय आधी पायांनी समजावी, मग कागदावर वाचावी, हा त्यांच्या पद्धतीचा गाभा होय. कोबायाशी यांनी पॅरिसमध्ये राहून वर्षाहून अधिक काळ ही पद्धत आत्मसात केली. जपानमध्ये तिला ‘रितोमिक्कू’ म्हणतात. आपल्या बेटावर फ्रेंच जाणणाऱ्यांना त्यामागचा ‘रित्मीक’ हा शब्द लगेच ओळखू येईल.

१९२५ साली मायदेशी परतल्यावर सेइजो बालवाडीच्या उभारणीत त्यांनी भाग घेतला. १९३० साली ते पुन्हा युरोपला जाऊन शिकून आले. अखेर १९३७ साली टोकियोच्या जियुगाओका भागात त्यांनी स्वतःची ‘तोमोए’ शाळा सुरू केली. सर्व मिळून पन्नासच्या आतच मुले! तोमोए हे स्वल्पविरामासारख्या आकाराचे एक जुने जपानी चिन्ह आहे. शाळेच्या चिन्हात असे दोन आकार होते, एक काळा व एक पांढरा. शरीर आणि मन दोन्ही सारखी वाढावीत, एकाने दुसऱ्याला सांभाळावे, असा त्याचा अर्थ होता.

लयीच्या तासाला मुले अनवाणी पायांनी सभागृहात जमत आणि गुरुजी पियानोवर बसत. मुले सुरांबरोबर चालू लागत व हातांनी ताल दाखवीत. दोन मात्रांचा ताल तीन मात्रांचा झाला की पाऊल बदलावयाचे. कधी गुरुजी ताल बदलीत, पण हातांनी आधीचाच ताल धरून ठेवावयाचा आणि पायांनी नवा, अशी अट असे. मोठ्या माणसांची फजिती होईल असा हा खेळ! त्यासाठी कान जागा ठेवावा लागे, शरीराला आवरावे लागे आणि योग्य क्षणी बदलावे लागे. पुस्तकी शब्दांवर फार विसंबून राहिल्याने मुलांची इंद्रिये बोथट होतात, असे गुरुजींचे मत होते.

वर्गात मुले आपल्या आवडीचा विषय आधी घेत. दुपारी सर्वजण जवळच्या कुहोनबुत्सु मंदिराकडे फिरावयास जात आणि वाटेत फुलांची रचना शिकत. शाळेत पोलिओ झालेला एक मुलगा होता, उंची न वाढणारा आणखी एक होता. क्रीडादिनाच्या शर्यती गुरुजींनी अशा आखल्या की आखूड हातापायांच्या त्या मुलाने त्या जिंकाव्यात. तेथे शरीर हे कोणाला मागे ठेवण्याचे कारण नव्हते.

त्या काळी जपानवर लष्करी विचारांचा पगडा होता आणि शाळांतून कवायतीला मोठे महत्त्व होते. कवायत ही सुद्धा हालचालच. पण कवायतीत मूल हुकूम झेलते, तर कोबायाशींच्या वर्गात मूल स्वतः ऐकून स्वतः ठरवीत असे. हा भेद फार मोलाचा आहे.

१९४५ च्या हवाई हल्ल्यात तोमोए जळून खाक झाली. योगायोग असा की त्याच वर्षी आपल्या पूर्वजांच्या महाराष्ट्रात ताराबाई मोडक यांनी बोर्डी येथे ग्रामीण मुलांसाठी बालशिक्षणाचे केंद्र सुरू केले. युद्धानंतर कोबायाशींनी बालवाडी पुन्हा चालविली, कुनिताची संगीत महाविद्यालयात बालशिक्षणाचा विभाग उभारण्यास हातभार लावला आणि तेथे लयशिक्षणाची पद्धत शिकविली. परंतु प्राथमिक शाळा पुन्हा उभी करण्याचे त्यांचे स्वप्न पुरे झाले नाही. १९६३ साली, वयाच्या ६९ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांची शाळा जेमतेम आठ वर्षे चालली, पण तेथील एका विद्यार्थिनीच्या लेखणीमुळे ती जगभर पोहोचली.

आजचे मेंदूशास्त्र काय सांगते? ऐकणे, थांबणे आणि बदलणे या कामांत कपाळामागील मेंदूचा भाग झटत असतो व तो बालपणी हळूहळू पक्व होतो. खेळण्या-हालण्याने मुलांचे लक्ष अधिक टिकते, असे अनेक अभ्यासांत दिसले आहे. मात्र ठरावीक कसरतीने मेंदूचे दोन भाग जोडले जातात आणि गुण झटपट वाढतात, अशा जाहिरातींना भक्कम पुरावा नाही. पालकांनी त्यांवर पैसे घालविण्यापूर्वी विचार करावा. कोबायाशींनी गुण वाढविण्याचे वचन कोणालाच दिले नव्हते. मुलाने आपल्या शरीराचा व मनाचा धनी व्हावे, एवढेच त्यांना हवे होते.

आपल्या मॉरिशसमध्ये २०१७ साली सीपीई परीक्षेच्या जागी पीएसएसी आली, पण शिकवणीचा सोस काही गेला नाही. शाळेतून आलेले सात वर्षांचे मूल पुन्हा दोन तास खुर्चीला खिळते. आपल्याच घरी मात्र एक शाळा आहे. गणेशचतुर्थीला झाकरीचा फेर धरला जातो, ढोलकीचा ठेका बदलला की पाऊल बदलते, आणि लहान मूल आजोबांच्या पायांकडे पाहून ते उचलते. ऐकणे, थांबणे, बदलणे हे सर्व त्यात आहे. तेव्हा पालकहो, या वर्षी मुलाला फेराबाहेर उभे करून केवळ त्याचे फोटो काढू नका. त्याला फेरात घ्या, ताल चुकला तर रागावू नका, आणि वर्षातून एकदाच नव्हे तर अधूनमधून घरीही ढोलकी काढा.